गिरदावर साहेबांचा उपास

लढाई इंग्रजांची होती, हुकूम हैदराबादचा होता आणि जवारी करडवाडीची होती. या तिन्हींचा एकमेकांशी काय संबंध, हे करडवाडीत कुणालाच धड सांगता येत नव्हतं. पोलीस पाटील व्यंकटराव तेवढे चावडीवर बसून सांगायचे, की जर्मनवाला हरला पाहिजे, म्हणून आपण लेव्ही घालायची. लेव्ही म्हणजे एकरामागं सरकार म्हणेल तेवढं धान्य, सरकार म्हणेल त्या भावात, सरकारच्या कोठारात. जर्मनवाला कोण, असं कुणी विचारलं की पाटील तंबाखू मळायला घ्यायचे.

त्या साली पावसानं दगा दिला. रब्बीची जवारी गुडघ्याएवढी झाली आणि उभीच्या उभी वाळली. कणसात दाणा भरलाच नाही. सोळा आणे पीक म्हणजे पुरं पीक, असा हिशेब धरला तर त्या वर्षी दोन आणेसुद्धा नव्हतं. पण गिरदावर सिद्रामप्पा यांनी कागदावर आठ आणे लावलं. पिकाची पाहणी करणं हेच त्यांचं काम, आणि ती त्यांनी घोड्यावरून केली. घोड्यावरून जे जे हिरवं दिसलं ते ते, बाभळी, तरवड, रुईसुद्धा, त्यांनी पिकात धरलं.

फाल्गुनात गिरदावर वसुलीला आले. बरोबर जमादार आणि दोन शिपाई. पहिलंच घर गुरम्माचं. गुरम्मा पस्तिशीची, लिंगायत शेतकरी संगप्पाची बायको. तिचं माहेर उदगीरचं, बापाचं तिथं किराणा दुकान होतं. संगप्पा माणूस गुणी, पण सरकारी टोपी दिसली की त्याची पाठ आपोआप वाकायची. जमादारानं "पेव कुठं हाय?" म्हणायच्या आत त्यानं पाय आपटून जागा दाखवली.

जमिनीतलं पेव उघडलं. मागल्या सालची राखून ठेवलेली जवारी होती, तीच वर आली. पोती भरली. शेवटी तळाशी गाडग्यात राख मिसळून ठेवलेलं बी निघालं.

"बियाचं तरी ऱ्हाऊ द्या, सरकार," गुरम्मा म्हणाली.

"बी सरकार देईल," गिरदावर घोड्यावरूनच म्हणाले.

"कवा?"

"अर्ज कर."

बैलगाडीत पोती चढली. मग जमादारानं एका पोत्याचं तोंड सोडलं, दोन पायली जवारी काढली आणि गुरम्माच्या पदरात ओतली. क्षणभर तिला वाटलं, दया आली म्हणायची.

"ऐक," जमादार म्हणाला. "साहेबांचा मुक्काम तीन दिवस. साहेब कडक लिंगवंत हायेत. लिंगपूजेशिवाय पाणी न्हाई आन् जातभाईच्या हाताशिवाय अन्न न्हाई. त्यांचा आचारी वाटेत तापानं पडलाय. सांजच्या भाकरी तुझ्या घरनं. आन् पातळ थाप, साहेबांना जाड चालत न्हाईत."

घोडा पुढच्या दाराकडं गेला. गुरम्मा पदर धरून उभीच राहिली. पेव तिचं, जवारी तिची. आता जातं तिचं, हात तिचे, सरपण तिचं, आणि खाणार कोण, तर तिचं बी नेणारा. लुटणाऱ्यानं लुटावं, ते एक वेळ समजता येतं. पण लुटलेलं दळून, थापून, वर पातळ करून वाढा म्हणायचं! तिच्या तोंडातून माहेरचा एक कानडी शब्द निघाला. तो इथं लिहिण्यासारखा नाही.

घरात जाऊन तिनं जात्याचा लाकडी खुंटा दोन्ही हातांनी हलवला आणि उपसून काढला. मग ती शेजारच्या नीलाबाईकडं गेली. नीलाबाई सूप घेऊन बसली होती.

"नीलाबाई, तुझ्या जात्याचा खुंटा मोडला."

नीलाबाईनं वळून पाहिलं. "न्हाई की. चांगला हाय."

"मोडला म्हणते ना."

नीलाबाईनं तिच्या तोंडाकडं बघितलं, तिच्या हातातल्या खुंट्याकडं बघितलं, आणि सूप खाली ठेवलं. "अगं बाई, मोडलाच की," असं म्हणून तिनं आपला खुंटा उपसला.

दिवस कलायच्या आत गावातल्या पंचावन्न जात्यांचे खुंटे मोडले. मोडले म्हणजे एका पोत्यात गोळा झाले. पाटलीणबाई कोंडाबाई, व्यंकटरावांची खुद्द बायको, तीही आपला खुंटा पदराखाली लपवून घेऊन आली. "आमच्या ह्यांला सांगू नगा," एवढंच म्हणाली. बारा कोसांत पिठाची गिरणी नव्हती. ज्याला भाकर खायची त्याला बाईच्या मनगटाशिवाय दुसरी वाट नव्हती, आणि ही गोष्ट करडवाडीच्या बायकांना त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळली.

पण पोतं ठेवायचं कुठं? शिपाई घरं धुंडाळणार हे उघड होतं.

"जिथं साहेब हात लावणार न्हाई, तिथं," कोंडाबाई म्हणाली, आणि सगळ्या जणींनी गावाच्या पूर्वेला, महारवाड्याकडं पाहिलं.

गुरम्मा पोतं घेऊन गेली. आयुष्यात पहिल्यांदा. नागुबाई दारात काट्या मोडत होती. उंच, काटक, नवरा मेलेली बाई. सरकारी मुक्काम पडला की चावडी झाडायची, घोड्याला पाणी पाजायचं, चुलीला लाकूड आणून टाकायचं, हे सगळं तिच्या माथी. मजुरी नाही. त्याला वेठ म्हणत.

"आमच्या दारी कसं काय, आक्का? वाट चुकलाव काय?" नागुबाई म्हणाली.

गुरम्मा चार हात लांबच थांबली होती. तिथूनच तिनं सगळं सांगितलं. नागुबाईनं ऐकून घेतलं.

"ठेवून घेते. आमच्या वाड्यातल्या जात्यांचे बी काढते. पर शेवटाला साहेबाशी बोलायचं ते मी बी बोलणार."

"तू काय बोलणार?"

"वेठीचं. तुमची जवारी आज नेली म्हणून तुमाला झोंबलं. आमचे हात तर जन्मल्यापासनं नेतेत. तवा कुणाच्या घरचा खुंटा मोडला न्हाई."

 गुरम्मानं पोतं लांबूनच खाली ठेवलं. नागुबाईनं पुढं होऊन ते उचललं आणि सरपणाच्या ढिगात घातलं.

पहिल्या रात्री गिरदावर साहेबांनी पोथी वाचली आणि पाणी पिऊन आडवे झाले. सकाळी जमादार दारोदार फिरला. ज्या घरात जावं तिथं जातं आणि जात्याला भोक. "खुंटा कुठाय?" "मोडला." "नवा बसव." "सुतार गावाला गेलाय." सुतार खरोखरच गावाला गेला होता, त्याच्या बायकोनंच त्याला पाठवलं होतं.

"सरकारी हुकूम हाय!" जमादार ओरडला.

"मग हुकूम दळा," नीलाबाई म्हणाली आणि दार लावून घेतलं.

चावडीत साठ पोती जवारी छताला टेकली होती आणि तिला पाठ लावून गिरदावर उपाशी बसले होते. जमादारानं डोकं चालवलं. तोही लिंगवंतच होता, म्हणून त्यानंच जवारी शिजवून घुगऱ्या केल्या. पण त्याला ती भिजत घालायचं सुचलं नाही, आणि लाकूड आणायला नागुबाईला हाक मारावी तर तिचं अंग दुखत होतं. अर्ध्याकच्च्या घुगऱ्या साहेबांनी वाटीभर खाल्ल्या. दुपारपासून ते तांब्या घेऊन ओढ्याकडं जे जाऊ लागले, ते दिवस मावळेपर्यंत जात-येत राहिले. ओढ्याला पाणी नव्हतंच. त्यामुळं दर खेपेला तांब्या चावडीतूनच भरावा लागायचा, आणि सारं गाव खेपा मोजायचं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गावातल्या सातही लिंगायत घरांचे कर्ते पुरुष बोलावून उन्हात बसवले.

"तुमच्या बायका तुमचं ऐकत नाहीत?"

 प्रश्न सरकारी नव्हता, तरी तोच सगळ्यात जास्त झोंबला. खरं तर साहेबांपेक्षा वाईट दशा या मंडळींची झाली होती. साहेबांना तीन दिवस काढायचे होते, यांना जन्म. घरोघरी भाकर बंद. भाजलेली जवारी, चिंचोके, अंबाडीची भाजी, एवढंच ताटात. संगप्पाला दुपारी सोडलं तेव्हा तो घरी येऊन उंबऱ्यावरच बसला.

"गुरम्मा, दोन भाकरी दिल्या असत्या तर काय बिघडलं असतं? मोठा मानूस हाय. आपलाच हाय."

"आपला हाय म्हणून पातळ पायजेत त्याला," गुरम्मा म्हणाली. "आवं, तुमाला लई कळवळा येत असंल तर तुमी दळा. म्या कुठं आडवलंय?"

संगप्पानं जात्याकडं असं पाहिलं, जणू ते चावेल.

दळायची हिंमत केली ती एकट्या व्यंकटराव पाटलांनी. सरकारात आपलं वजन आहे, ते जाऊ नये म्हणून त्यांनी दार आतून लावलं, बाभळीचं दांडकं जात्यात ठोकलं आणि मिशा सावरून बसले. तासाभरानं हाताला फोड आले आणि खाली जे पडलं ते पीठ नव्हतं, भरड होती. त्यात दगडाची कच. कोंडाबाई स्वयंपाकघराच्या दाराआडून बघत होती. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, पण नवऱ्याकडं इतका वेळ मन लावून तिनं पहिल्यांदाच पाहिलं.

पाटलांचं घर मराठ्याचं. गिरदावर तिथलं अन्न कसं घेणार? पण दोन दिवसांत त्यांच्या शास्त्राला थोडा उतार पडला होता. "पीठ कोरडं असतं," ते म्हणाले. "कोरड्याला विटाळ नसतो." त्यांनी स्वतः भाकर थापायला घेतली. तिचे परातीतच तीन तुकडे झाले, तव्यावर सात. पहिल्याच घासाला कच दाढेखाली आली आणि दाढेचा टवका उडाला.

तिसऱ्या दिवशी दुपारी नीलाबाई धावत गुरम्माकडं आली.

"आक्का, घात झाला. नागुबाई भाकरी घेऊन चावडीकडं गेली."

गुरम्माच्या अंगाचा भडका उडाला. विश्वासानं खुंटे दिले, तर तिनंच दळलं! शेवटी फुटलीच, असं काहीबाही बडबडत ती निघाली. आपण त्या बाईवर विश्वास तरी कितपत टाकला होता, हे तिला त्या घाईत सुचलं नाही.

चावडीच्या मागं लिंबाखाली घोडा बांधला होता. शेजारी खोगिरावर गिरदावर बसले होते. डोळे खोल गेलेले, गालफडं बसलेली. समोर पाच हातांवर नागुबाई उभी. तिच्या हातातल्या फडक्यात भाकरी होत्या आणि वर लसणाची चटणी. वास गुरम्मापर्यंत आला. तिलाही तीन दिवस भाकर नव्हती.

"तिथं ठेव आणि जा," गिरदावर हळूच म्हणाले. "कुणाला सांगू नकोस."

"ठेवते की, सरकार. आदी कागद."

"कसला कागद?"

"पिकाचा. दोन आणे लिव्हा."

"तुला आकडा तरी कळतो का गं?"

"न्हाई कळत. म्हणून तर आक्का येईपातूर थांबले." नागुबाईनं मागं न वळताच म्हटलं. तिला पावलांचा आवाज कळला होता. "त्यांच्या बापाचं दुकान हाय उदगिरात. त्यांला तुमचे उर्दू आकडे येतेत."

गुरम्मा जागीच थबकली. वाटेत तोंडात गोळा केलेल्या शिव्या तिनं गिळल्या.

गिरदावरांनी भाकरीकडं पाहिलं. मग दौत काढली, कागद मांडीवर घेतला, जुना आकडा खोडला आणि नवा लिहून कागद पुढं धरला. गुरम्मा वाकून बघू लागली.

"हा दोन न्हाई, सरकार."

"मग काय आहे?"

"हा आठच हाय. उलट्या इळ्यावानी. दोनाला वर आकडी असती. मी बापाच्या गल्ल्यावर बसलेली हाय."

भुकेलेल्या माणसाला लाज फार वेळ धरता येत नाही. गिरदावरांनी दोनाचा आकडा काढला, आकडीसकट. खाली सही केली. बियाण्याची पोती परत, असंही लिहिलं.

"आता वेठीचं," नागुबाई म्हणाली. "घोड्याचं पानी, लाकूड, झाडलोट फुकट न्हाई. त्ये बी लिव्हा."

"ते लिहिता येत नाही," गिरदावर खरोखरच कळवळून म्हणाले. "वेठ हैदराबादेत कागदावर कधीच बंद झालीय. जी नाहीच, ती बंद कशी लिहू?"

"न्हाईच म्हणता?"

"कायद्यानं नाहीच."

"मग जी न्हाईच, ती आमी करनार बी न्हाई," असं म्हणून नागुबाईनं फडकं खाली ठेवलं.

गिरदावरांनी गळ्यातली लिंगाची चांदीची डबी सदऱ्याच्या आत सरकवली, देवाला दिसू नये म्हणून असेल, पाठ वळवली, आणि खाल्लं. पहिली भाकर त्यांनी चावली की नाही याची शंका आहे. गुरम्मा बघत राहिली. ज्यांच्या नावानं हा माणूस गळ्यात लिंग घालतो, त्या बसवण्णांनी आठशे वर्षांपूर्वी सांगितलं होतं, की माणसात उच्चनीच नाही. घोकून, पूजा करून, भस्म लावून याच्या टाळक्यात ते शिरलं नव्हतं. तीन दिवसांच्या भुकेनं शिरवलं. तिला हसू आवरेना.

तेवढ्यात नागुबाईनं पदराखालून आणखी एक भाकर काढली. "घ्या, आक्का. तुमी बी तीन दिस उपाशीच."

हसू तोंडावरच राहिलं. गुरम्मानं हात पुढं केला, भाकर घेतली, पदरात बांधली.

"घरी जाऊन खाते," ती म्हणाली.

 नागुबाईनं असलं "घरी खाते" जन्मभर ऐकलं होतं.

घरी आल्यावर गुरम्मानं गाठ सोडली. भाकर अजून कोमट होती. हातात धरून ती बराच वेळ गोठ्यात उभी राहिली, आणि मग बैलापुढं टाकली. बैलानं मिटक्या मारत खाल्ली.

चौथ्या दिवशी गिरदावर गेले. साठातली बावन्न पोती घरोघर परत आली. बायकांनी खुंटे वाटून घेतले, त्यात दोघींचे अदलाबदल होऊन भांडणही झालं. आपण उपाशी का राहिलो, हे साहेबांना वर कळवणं भाग होतं. 'बायकांनी दळण नाकारले' असं लिहावं तर नोकरी जाते, आणि काय खाल्लं ते लिहावं तर जात जाते. म्हणून त्यांनी लिहिलं, करडवाडीत पटकीची साथ आहे. पुढल्याच वर्षी त्यांची नांदेडकडं बढतीवर बदली झाली. नागुबाईनं मात्र त्यानंतर चावडी झाडली नाही. पाटलांनी दोनदा बोलावणं धाडलं. तिसऱ्यांदा बोलवायच्या आत ती लेकरं घेऊन नांदेडला गेली आणि कापडगिरणीत लागली. तिथंच तिनं छपन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तिथंच ती वारली. हे गुरम्माला फार उशिरा, बाजारात कुणाकडून तरी कळलं.

करडवाडी जागची हलली नाही, जिल्हे तेवढे बदलत राहिले. आधी बीदर, मग उस्मानाबाद, आणि ब्याऐंशी साली लातूर. नव्या जिल्ह्याच्या दुसऱ्याच वर्षी पावसानं पुन्हा ओढ दिली. गावात टँकर आला नाही, पण नव्या जिल्ह्याची स्मरणिका आली. गुळगुळीत कागद, आणि आत व्यंकटराव पाटलांचा फेट्यातला फोटो. खाली छापलं होतं: लेव्हीविरोधी लढ्याचे अग्रणी, ज्यांनी जुलमी गिरदावरास तीन दिवस अन्न मिळू दिले नाही. पाटील वारून दहा वर्षं झाली होती. माहिती त्यांच्या मुलानं पुरवली होती.

गुरम्माच्या नातवानं हे दोघींना वाचून दाखवलं तेव्हा कोंडाबाई, पाटलांची विधवा, खोकला लागेपर्यंत हसली. "अगं, ह्यांनीच तर दळून दिलं हुतं त्याला! हाताला फोड आल्ते!"

गुरम्मा हसली नाही. दुसऱ्या दिवशी दोघी म्हाताऱ्या एसटीनं लातूरला गेल्या.

कचेरीला अजून चुन्याचा वास येत होता. टेबलं आली होती, माठ होता, माठात पाणी नव्हतं. स्मरणिकेचं काम निवृत्ती नावाच्या तरुण कारकुनाकडं होतं. त्यानं पुरावा विचारला.

"मी त्येंची बायकू," कोंडाबाई म्हणाली. "आनिक काय पुरावा पायजे?"

"कागद हवा, आजी. जुन्या दप्तरात त्या साली करडवाडीत पटकीची साथ असल्याची नोंद आहे."

"ती पटकी आमीच," गुरम्मा म्हणाली आणि खाली फरशीवर बसली. कारकुनानं खुर्ची देऊ केली, ती नको म्हणाली. मग पहिल्यापासून सांगू लागली. पेव, खुंटे, घुगऱ्या, उलट्या विळ्याचा आठ. शेजारच्या टेबलांवरचे लोक फायली टाकून ऐकायला आले. गिरदावरानं पाठ वळवून भाकर खाल्ली इथपर्यंत आल्यावर सगळी कचेरी हसली.

"आता फुडलं लिव्हा," गुरम्मा म्हणाली. "नागुबाईनं मला बी भाकर दिली. ती मी बैलाला घातली."

हसणं थांबलं. निवृत्ती म्हणाला, "आजी, ते कशाला लिहायचं?"

"लिव्हा. गिरदावरानं उपाशीपोटी का हुईना, पर खाल्ली. मला तेवढी बी अक्कल आली न्हाई. नुसतं त्याचंच लिव्हून कसं चालंल?"

 निवृत्ती म्हणाला, की एवढं सगळं छापायला जागा मिळणार नाही, पण पुढल्या आवृत्तीत एका ओळीची दुरुस्ती करता येईल. त्यानं कागद ओढला, लिहिलं आणि वाचून दाखवलं: "करडवाडी येथील लेव्हीविरोधी लढा: नागुबाई व इतर."

"इतर म्हंजी कोन?" गुरम्मानं विचारलं.

निवृत्ती चाचरला. "म्हणजे... तुम्ही, आजी. ह्या आजी. बाकीच्या बायका."

गुरम्मानं फरशीवर हात टेकला आणि उठली.

"मग बराबर लिव्हलंव," ती म्हणाली, आणि गावाकडची शिरूरची गाडी किती वाजता लागते ते विचारलं.